पेशींतील गाळ आणि मेंदूचे विकार

(नभोवाणीवरील भाषण)



धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत माकणी नांवाचें गांव आहे. तेथें तेरणा नदीवर मातीचें धरण बांधलेलें असून त्याला निम्न तेरणा प्रकल्प असें म्हणतात. पावसाळ्यांत नदीला जो लोंढा येतो तो नुसतें पाणी घेऊन येत नाहीं. शिवारांतली काळी मातीहि तो धुवून आणतो, आणि ती जलाशयाच्या तळाशीं बसते. प्रत्येक धरणाच्या नशिबीं हें लिहिलेलेंच आहे. गाळ वाढला कीं पाण्याची जागा घटते, आणि धरण बाहेरून जसेंच्या तसें दिसत असतांना आंतून निकामी होऊं लागतें. ह्यावर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. जलाशयांतला गाळ उपसावयाचा आणि शेतकऱ्यानें तो आपल्या रानांत पसरावयाचा. धरणाला जें ओझें, तेंच शेताला खत.

आज मला तुमच्याशीं पाटबंधाऱ्यांविषयीं बोलावयाचें नाहीं. परंतु हा गाळ आणि त्याचें होणारें खत एवढें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें ठेवावें, अशी विनंती आहे. कारण आपल्या शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशी गाळ काढण्याचा आणि त्याचेंच खत करण्याचा हा उद्योग अहोरात्र करीत असते. हा उद्योग मनुष्याला कसा कळला, आणि मेंदूच्या कांहीं दारुण विकारांशीं त्याचा संबंध जुळावयाला इतकीं वर्षें कां लागलीं, हा आजचा विषय होय.

एकोणिसाव्या शतकांतील विद्वानांची शरीराविषयींची कल्पना आगगाडीच्या इंजिनासारखी होती. अन्न हा कोळसा. तो जाळून उष्णता व शक्ति मिळवावयाची. इंजिनाचें लोखंड मात्र तेंच राहावयाचें, झिजेल तेवढें दुरुस्त केलें कीं झालें. ह्या कल्पनेला धक्का दिला तो रुडॉल्फ शोनहायमर ह्या रसायनशास्त्रज्ञानें. नाझी राजवट येतांच १९३३ सालीं त्यानें जर्मनी सोडली व तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आला. तेथें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं नेहमींच्यापेक्षां किंचित् जड असा नायट्रोजन अन्नांत मिसळून तें उंदरांना चारलें. ह्या जडपणामुळें अन्नाचा अंश शरीरांत कोठें गेला हें ओळखतां येई. जणुं नाण्यावर खूण करून तें बाजारांत सोडावें. प्राणी पूर्ण वाढलेला असल्यानें खुणेचा नायट्रोजन बहुतेक सगळा बाहेर पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत त्याचा मोठा भाग प्राण्याच्या स्वतःच्या प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला, आणि प्राण्याचें वजन तर वाढलेलें नव्हतें. अर्थात् जितकें नवें बसलें तितकें जुनें मोडलें गेलें होतें. शोनहायमरच्या मृत्यूनंतर १९४२ सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि शरीर हें इंजिन नसून सतत वाहती नदी आहे हें मत हळूहळू सर्वमान्य झालें.

परंतु एक कोडें शिल्लक राहिलें. जुन्या प्रथिनांची ही मोडणी पेशींत होते तरी कोठें? पचविणारे रस पेशींत मोकळे फिरत असतील तर ते पेशीलाच खाऊन टाकतील. ह्याचें उत्तर बेल्जममध्यें, लूव्हें येथें मिळालें, आणि तेंहि भलतेंच शोधीत असतांना. क्रिस्तियाँ द ड्यूव्ह हा शास्त्रज्ञ १९४९ सालीं इन्शुलिनचा यकृतावर होणारा परिणाम तपाशीत होता. यकृताच्या पेशी दळून त्यांतील एका विकराचें, म्हणजे पदार्थांचें विघटन घडविणाऱ्या द्रव्याचें, मोजमाप त्यानें केलें. आंकडा अपेक्षेपेक्षां फारच कमी आला. दुसऱ्या कोणीं ती चूक समजून मिश्रण फेंकून दिलें असतें. द ड्यूव्हच्या प्रयोगशाळेंत तें शीतकपाटांत ठेवलें गेलें, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हा मोजल्यावर विकराचा जोर कितीतरी वाढलेला दिसला. त्यावरून त्यानें अचूक तर्क केला: हें विकर पेशींत मोकळें नाहीं, तें अतिसूक्ष्म पिशव्यांत कोंडलेलें आहे, आणि ह्या पिशव्या जुन्या होऊन फाटल्या तेव्हां तें बाहेर आलें. ह्या पिशव्यांना त्यानें १९५५ सालीं ‘लायसोसोम’ हें नांव दिलें. त्याच सुमारास अलेक्स नोव्हिकॉफ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचीं चित्रेंहि घेतलीं.

चित्रें वाढलीं तसें एक विलक्षण दृश्य पुनःपुन्हा नजरेस येऊं लागलें. पेशी आपल्याच शरीराचा एखादा तुकडा पातळ पडद्यांत गुंडाळते, त्याचें गांठोडें बांधते आणि तें गांठोडें लायसोसोमच्या स्वाधीन करते. तेथें त्याचे घटक सुटे होतात आणि पेशी तेच घटक पुन्हा बांधकामाला वापरते. १९६३ सालीं लंडन येथें भरलेल्या परिषदेंत द ड्यूव्हनें ह्या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ हें ग्रीक नांव दिलें. त्याचा शब्दशः अर्थ स्वभक्षण. नांव थोडें भेसूर खरें. पण क्रिया भेसूर नाहीं. जुना वाडा उतरवून त्याच्या तुळया, सांगाडे आणि दगड नव्या घराला लावावे, तसें हें आहे.

त्याच वर्षीं द ड्यूव्हचा सहकारी हर्स ह्यानें एका बालरोगाचें मूळ शोधलें. पोंप ह्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या रोगांत मुलाचें हृदय व स्नायु साखरेच्या एका रूपानें भरून जातात. लायसोसोममधील एकच विकर जन्मतः नसतें, आणि तें ज्या पदार्थाला पचवावयाचें तो सांचत जातो, असें हर्सला दिसलें. उपसा थांबला म्हणजे काय होतें ह्याचा हा पहिला उघड पुरावा होता. पुढें असे अनेक रोग सांपडले.

आतां ह्या कथेचा दुसरा प्रवाह पाहूं. तो प्रयोगशाळेंतून नव्हे, तर रुग्णालयांतून वाहत आला. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील इस्पितळांत एकावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचें नांव धड लिहितां येईना, आणि आपण कोठें आहों हें उमजेना. तिला तपाशीत होते डॉक्टर अलोइस अल्झायमर. तिच्या मृत्यूनंतर त्यांनीं तिचा मेंदु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला आणि १९०६ सालीं आपलें निरीक्षण विद्वानांपुढें मांडलें: पेशींच्या बाहेर गोळे आणि पेशींच्या आंत धाग्यांचे गुंते. १९१२ सालीं फ्रीड्रिख लेव्ही ह्या दुसऱ्या डॉक्टरांना कंपवाताच्या रुग्णांच्या मज्जापेशींत गोल गोल ठिपके दिसले. म्हणजे मेंदूंत कांहीं तरी सांचत आहे, हें विसाव्या शतकाच्या आरंभींच डोळ्यांना दिसलें होतें. परंतु सांचणें हा रोग कीं रोगाची राख, हें सांगण्याचें साधन कोणापाशींहि नव्हतें. लायसोसोमचा अभ्यास करणारे यकृताकडे पाहत राहिले आणि मेंदूचे वैद्य आपल्या रुग्णांकडे.

ह्या दुसऱ्या प्रवाहांत आपल्या मुंबईचाहि एक झरा येऊन मिळाला आहे, आणि तो आपणांस माहीत असावयास हवा. डॉ. नोशीर वाडिया हे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयांत मज्जाविकारांचे वैद्य होते. त्यांच्याकडे असे रुग्ण येत कीं ज्यांची चाल लटपटे, जीभ अडखळे, आणि ज्यांच्या घरांत हाच आजार बापाला किंवा आईला झालेला असे. लहान मेंदु झिजण्याचे असे आनुवंशिक विकार पूर्वींपासून ठाऊक होते. वाडिया ह्यांच्या नजरेनें मात्र आणखी एक गोष्ट टिपली. निरोगी माणसाला बाजूला कोणीं हांक मारली तर त्याची नजर एका झटक्यांत तिकडे उडी घेते. ह्या रुग्णांची बुबुळें अगदीं सावकाश, जणुं चिखलांतून सरकावींत तशीं, सरकत. १९७१ सालीं वाडिया व त्यांचे सहकारी स्वामी ह्यांनीं अशा नऊ कुटुंबांचें वर्णन ‘ब्रेन’ ह्या इंग्लंडमधील नियतकालिकांत प्रसिद्ध केलें आणि हा एक निराळाच विकार आहे असें प्रतिपादिलें. त्यांच्या हातीं जनुकाची परीक्षा नव्हती. रुग्णासमोर बसून त्याच्या डोळ्यांकडे लक्षपूर्वक पाहणें, एवढेंच साधन होतें.

पंचवीस वर्षांनीं, १९९६ सालीं, अमेरिका, जपान व फ्रान्स ह्या देशांतील तीन निरनिराळ्या गटांनीं लहान मेंदूच्या एका आनुवंशिक विकाराचें जनुक शोधून काढलें. जनुकाच्या लिपींत तीन अक्षरांचा एक शब्द साधारणपणें २२ वेळां लागोपाठ येतो. रुग्णांत तो ३३ किंवा त्याहून अधिक वेळां आलेला असतो. एखाद्या कारकुनानें नक्कल करतांना तोच शब्द गिरवीत सुटावें, तसें. त्या जनुकापासून बनणारें प्रथिन मग लांबट, चिकट होतें आणि मज्जापेशींत त्याच्या गुठळ्या होऊं लागतात. १९९८ सालीं वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा भारतीय कुटुंबांत ह्याच जनुकाचा दोष असल्याचें दाखविलें, आणि त्या रुग्णांची ओळख पटविणारी खूण तीच, नजरेची मंदगति, ठरली. हा विकार ज्याला आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. शिवाय पिढीगणिक तो बहुधा आधींच्या वयांत दिसूं लागतो.

आतां हे दोन प्रवाह कोठें मिळाले तें पाहूं. त्यासाठीं जपानांत जावें लागेल. योशिनोरी ओसुमी ह्यांनीं १९८८ सालीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, टोकिओ विद्यापीठांत स्वतःची लहानशी प्रयोगशाळा थाटली. त्यांनीं अभ्यासाला घेतलें तें यीस्ट, म्हणजे ज्यानें पावाचें पीठ फुगतें तो एकपेशीय जीव. यीस्टमध्यें लायसोसोमच्या जागीं एक मोठी पिशवी असते. ओसुमींनीं असे यीस्ट घेतले कीं ज्यांच्या पिशवींतील पाचक विकरें निकामी होतीं, आणि त्यांना उपाशी ठेवलें. युक्ति साधी होती: गांठोडीं येत राहतील, पण पचणार नाहींत, मग तीं दिसलींच पाहिजेत. कांहीं तासांतच साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं पिशवी गांठोड्यांनीं भरून गेलेली दिसली. १९९२ सालीं हें प्रसिद्ध झालें आणि पुढील वर्षीं ही क्रिया चालविणाऱ्या पंधरा जनुकांचा त्यांनीं पत्ता लावला. तींच किंवा त्यांच्या नात्यांतलीं जनुकें मनुष्यांतहि आहेत. ह्याबद्दल २०१६ चें नोबेल पारितोषिक एकट्या ओसुमींना मिळालें. जनुकें हातीं आल्यामुळें प्रथमच ही क्रिया हवी तेव्हां बंद पाडतां येऊं लागली.

तशी ती २००६ सालीं जपानांतीलच दोन गटांनीं उंदरांच्या केवळ मज्जापेशींत बंद पाडली. ह्या उंदरांत कोणतेंहि रोगट प्रथिन घातलेलें नव्हतें. तरीहि त्यांच्या मज्जापेशींत गुठळ्या जमल्या, त्यांचा तोल जाऊं लागला आणि पेशी मरूं लागल्या. अल्झायमरांच्या काळापासूनच्या कोड्याचा एक मोठा भाग येथें सुटला. नुसता उपसा थांबला तरी मेंदु बिघडतो, हें सिद्ध झालें.

मेंदूच एवढा नाजूक कां? कातडीच्या किंवा आंतड्याच्या पेशी सतत विभागतात. त्यांचा गाळ दोन लेकींत वांटला जाऊन पातळ होतो, आणि जुन्या पेशी झडून जातात. मज्जापेशी विभागत नाहीं. आपल्या जन्माच्या वेळची बहुतेक प्रत्येक मज्जापेशी ऐंशीव्या वर्षींहि तीच असते. तिला घर बदलतां येत नाहीं. आहे तेंच घर रोज झाडावें लागतें. त्यांत तिचा तंतु कधीं कधीं हातभर किंवा त्याहून लांब असतो, आणि त्याच्या दूरच्या टोंकाशीं जमलेलें गांठोडें वाहून पेशीच्या मुख्य भागाकडे आणावें लागतें. वाट लांब, आणि हमाल थकले कीं माल वाटेंतच पडून राहतो. अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूंत अशीं अर्धवट पचलेलीं गांठोडीं तंतूंत तुंबलेलीं असतात, हें राल्फ निक्सन ह्यांच्या गटानें २००५ सालीं दाखविलें.

उपसा वाढविला तर रोग हटेल काय? केंब्रिज येथील डेव्हिड रुबिन्स्टाइन ह्यांच्या गटानें ह्याची परीक्षा घेतली. त्यांनीं रॅपामायसिन हें औषध वापरलें. प्रशांत महासागरांतील ईस्टर बेटाच्या मातींतील जंतूपासून तें काढणाऱ्या शास्त्रज्ञांत सुरेंद्रनाथ सेहगल हे आपल्याकडून कॅनडाला गेलेले गृहस्थ प्रमुख होते. हें औषध स्वभक्षणाला आवर घालणारा लगाम सैल करतें. वाडियांच्या विकाराप्रमाणेंच ज्यांत शब्द अधिक वेळां गिरविला गेल्यामुळें प्रथिन चिकट होतें, त्या हंटिंग्टनच्या विकाराचे उंदीर व माशा ह्यांत त्या औषधानें गुठळ्या व इजा कमी झाल्याचें २००४ सालीं दिसलें. आणि २०२१ सालीं, १९९६ मध्यें जनुक शोधणाऱ्यांपैकीं एक असलेल्या स्टीफन पुल्स्ट ह्यांच्या गटानें असें दाखविलें कीं ह्या विकारांत पेशींतील दुसरें एक प्रथिन बेसुमार वाढून स्वभक्षणाचा तोच लगाम आंवळतें. मुंबईंत मंद सरकणाऱ्या बुबुळांपासून निघालेली वाट अशा रीतीनें लायसोसोमच्या दाराशीं येऊन पोंचली.

कंपवाताचीहि अशीच गोष्ट. गोशे ह्याच्या नांवाच्या एका दुर्मिळ रोगांत लायसोसोममधील एक विकर नसतें. ह्या रोगाच्या जनुकाची एकच सदोष प्रत ज्यांच्याकडे आहे ते निरोगी समजले जात. २००९ सालीं पांच हजारांहून अधिक कंपवाताच्या रुग्णांच्या तपासणींत ह्या जनुकाचा दोष इतरांपेक्षां सुमारें पांच पटींनीं अधिक आढळला. आतां त्या विकराला बळ देण्यासाठीं अँब्रॉक्सॉल ह्या औषधाची परीक्षा चालू आहे. हें तेंच औषध जें खोकल्याच्या बाटलींत असतें, आणि त्याचें रासायनिक कुळ आपल्या परसांतील अडुळशापर्यंत जाऊन भिडतें. परंतु अडुळशाचा काढा कंपवाताला चालतो असा ह्याचा अर्थ कोणीं काढूं नये. परीक्षेंतील मात्रा खोकल्याच्या मात्रेच्या अनेक पट आहे, आणि तिचाहि गुण सिद्ध व्हावयाचा आहे.

ह्यावरून मला एका गोष्टीविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. ओसुमींना पारितोषिक मिळाल्यापासून, आमच्या पूर्वजांनीं एकादशी सांगितली ती ह्याचसाठीं, उपास करा म्हणजे मेंदु स्वच्छ होईल, असें घरोघर ऐकूं येतें. उपास करणाऱ्याच्या श्रद्धेविषयीं मला आदर आहे. पण यीस्टची उपासमार आणि आपली एकादशी ह्यांत अंतर आहे. त्यांतून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच भाषेंतली! उपाशी उंदरांच्या यकृतांत स्वभक्षण वाढतें हें खरें; परंतु २००४ सालच्या एका जपानी प्रयोगांत दोन दिवसांच्या उपासानंतरहि मेंदूंत तशी वाढ दिसली नाहीं. २०१० सालीं अमेरिकेंतील दुसऱ्या गटाला ती दिसली. जेथें उंदरांविषयींच मतभेद आहे, तेथें मनुष्याला हमी कोण देणार? शिवाय कांहीं कर्करोगांच्या पेशी ह्याच क्रियेच्या आधारावर तग धरतात. मेंदूच्या झिजेवर स्वभक्षण वाढवून गुण देतें म्हणून मान्यता पावलेलें औषध अद्यापि एकहि नाहीं. कंपवाताच्या वृद्ध रोग्याचें वजन आधींच उतरत असतें. त्याला उपाशी ठेवणें किंवा चालू औषध सोडावयास लावणें म्हणजे त्याच्या अंगांत उरलेलें बळहि काढून घेणें होय.

मग ह्या ज्ञानाचा उपयोग काय, असें ज्यांच्या घरीं असा रोगी आहे ते विचारतील, आणि तो प्रश्न न्याय्य आहे. त्या नऊ कुटुंबांसारख्या कुटुंबांतील तरुणाला आज रक्त तपासून आपल्या भविष्याचा अंदाज घेतां येतो. घ्यावा कीं नाहीं, हें कठीण आहे. तें त्यानें तज्ज्ञाशीं बोलून स्वतःच ठरवावें, वडीलधाऱ्यांनीं त्याच्यावर लादूं नये. विवाहाच्या बोलण्यांत ही गोष्ट दडविली जाते, तीहि दडवूं नये. आणि घरांतील कोणाची चाल लटपटूं लागली, शब्द अडखळूं लागले किंवा नजर सावकाश सरकूं लागली, तर ‘वय झालें’ म्हणून गप्प बसूं नये, ‘दारूचा परिणाम’ म्हणून त्या माणसाला बोल लावूं नये. मज्जाविकारांच्या वैद्याला दाखवावें, आणि आई, बाप, आजा, आजी ह्यांपैकीं कोणाला असें होतें काय हें आठवून त्याला सांगावें. डॉ. वाडियांनीं १९७१ सालीं जें लिहून ठेविलें तें अशाच घरांनीं त्यांना सांगितलेल्या हकीकतींवर उभें आहे.